आभाळावर झाकण

नदीच्या पाण्यात सल्फेट वाढल्याचे निष्पन्न झाल्यामुळे कोणीतरी दोषी असणे जल खात्याला आवश्यक झाले. काठावर धोबीणकाकूंचे धुलाईघर होते. ते सापडायला सोपे, म्हणून तेच दोषी ठरले. आठ दिवसांत टाळे लागणार होते, आणि काकूंचे घर धुलाईवरच चालत होते.

प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञ बाईंना हे पटेना. "साहेब, धुलाईघराच्या वरच्या अंगालाही सल्फेट तेवढंच आहे."

"म्हणजे त्यांचा उपद्रव उलट्या दिशेनंही पसरतोय," जल खात्याच्या साहेबांनी नोंद केली.

"ते आभाळातून पडतंय. कारखान्याच्या धुराड्यातनं निघतं, पावसाबरोबर, धुळीबरोबर खाली येतं. हे चोर सोडून संन्याशाला फाशी देणं झालं."

"आभाळ आपल्याकडे नाही. हवा खात्याला विचारा."

हवा खात्याने लेखी कळवले की पदार्थ हवेत असेपर्यंतच आमचा. खाली पडला की जल खात्याचा. पडत असताना तो कोणाचा, याबद्दल दोन्ही खात्यांनी संयुक्त मौन पाळले. शिवाय आभाळातून पडणारे जमा करायला हवा खात्याच्या गच्चीवर एक काचपात्र होते आणि त्यात अकरा वर्षे काहीही पडले नव्हते. बाई जिना चढून गच्चीवर गेल्या. पात्रावर झाकण होते.

"उपकरण स्वच्छ ठेवायचा नियम आहे," गच्चीवरचे शिपाईमामा म्हणाले. "उघडं ठेवलं की घाण पडते हो त्यात. पहिल्याच महिन्यात बघितलं ना मी."

शेवटच्या दिवशी काकूंनी साहेबांच्या टेबलावर एक करडी चादर पसरली. "ही तुमच्याच घरची. सकाळी पांढरी वाळत घातली, संध्याकाळी अशी झाली. मी काय आता आभाळ धुऊ?"

साहेबांनी चादर ओळखली. पण चादर हे प्रमाणित उपकरण नव्हे. उलट काकूंना धुणेही धड जमत नाही, हा नवा मुद्दा फायलीत आला आणि टाळे लागले.

सल्फेट तसूभरही हलले नाही. झाकणाखाली काही पडत नाही हे अकरा वर्षांच्या आकड्यांनी सिद्ध झाल्यामुळे आता नदीवर झाकण घालण्याचा प्रस्ताव आहे.

काकू हल्ली घरोघर खिडक्या पुसतात. तुमच्याकडेही त्याच येतात. परवा तुम्ही खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवलेत, ते काळे झाले, आणि तुम्ही म्हणालात, "काकू, तुमचं कामात लक्ष नसतं."