मधल्या भिंतीखालचे झाकण

मागच्या अंगणात सांडपाण्याच्या चेंबरचे एकच झाकण होते. सिमेंटचे, साठ सेंटिमीटर लांब आणि साठ रुंद. त्याच्या बरोबर मधोमध भिंत उभी होती, प्लास्टर धरून तेवीस सेंटिमीटर जाडीची. उरलेल्या झाकणाचा साडेअठरा सेंटिमीटरचा एक पट्टा थोरलीच्या बाजूला दिसायचा आणि साडेअठराचाच एक धाकटीच्या बाजूला. दोघींनी आपापल्या पट्ट्यावर एकेक कुंडी ठेवली होती. थोरलीच्या कुंडीत कोरफड होती, धाकटीच्या कुंडीत नुसती माती.

ही वाटणी चार वर्षांपूर्वीची. वडिलांचे घर दोन बहिणींनी निम्मेनिम्मे घ्यायचे ठरले, तेव्हा थोरलीच्या नवऱ्याने टेप काढला. सगळी नोकरी जमिनी मोजण्यात गेल्यामुळे गल्लीत त्यांना मोजणीदारच म्हणत. त्यांच्या पोलादी टेपने अंगणाची रुंदी नऊ मीटर चौदा सेंटिमीटर भरली. धाकटी कपडे शिवायची. तिने गळ्यातला टेप काढून पुन्हा मोजले, ते नऊ मीटर सतरा भरले.

"कपड्यांची मापं घ्यायच्या टेपनं कुणी घर मोजतं का?" मोजणीदार म्हणाले.

"आणि तुमच्या पत्र्याच्या टेपनं माणसं मोजता येत नाहीत, भावोजी," धाकटी म्हणाली.

निम्मे केल्यावर वाद दीड सेंटिमीटरचा उरत होता. थोरलीने नवऱ्याची बाजू घेतली आणि दोघी बहिणींचे बोलणे बंद झाले. गवंड्याने भिंत आखताना चेंबर कोणाकडे ठेवू म्हणून विचारले. थोरली म्हणाली, ती घाण माझ्याकडे नको. धाकटीही तेच म्हणाली, पण वेगळ्या खोलीत. गवंडी सांगितले तसे करणारा होता. त्याने चेंबर आतून लिंपून झाकण बसवले आणि झाकणावरच भिंत चढवली, सात फूट. काम संपल्यावर सामान गोळा करताना त्याची एक थापी सापडेना. थोरलीने त्याला शेजारी विचारायला सांगितले, धाकटीनेही शेजारीच विचारायला सांगितले, आणि तो दोन्ही घरांबद्दल एकच मत घेऊन गेला.

विजेचा मीटर वेगळा झाला, नळ वेगळा झाला, दारेही दोन वेगळ्या गल्ल्यांत उघडू लागली. सांडपाणी तेवढे वेगळे व्हायचे राहिले. दोन्ही घरांच्या मोऱ्यांचे पाणी चेंबरमध्ये एकत्र यायचे आणि तिथून एकाच पाइपाने रस्त्याकडे जायचे.

ते तुंबले, त्याच दिवशी संध्याकाळी थोरलीची मुलगी दवाखान्यातून दहा दिवसांचे बाळ घेऊन यायची होती. आई आणि मुलगी यांचे फोनवर बोलणे झाले होते. मुलीचे म्हणणे थोडक्यात होते. बाथरूम चालू नसेल तर ती येणार नाही, सरळ सासरी जाईल. तिकडे खोली तयार होती, पाणी वाहते होते. आणि एकदा तिकडे गेली की निदान तीन महिने इकडे फिरकणार नाही, हे थोरलीला न सांगता कळले होते. तिने पाण्याच्या जोराने तुंबलेले पाइप मोकळे करणाऱ्या जेटवाल्याला बोलावले.

जेटवाला मशीन हातगाडीवर घेऊन आला. माणूस मोठा आत्मविश्वासाचा. त्याने नोझल मोजणीदारांच्या हातात ठेवले आणि समजावून सांगितले, की पुढे एक भोक आहे, मागे सहा आहेत, मागच्या सहांतून पाणी सुटले की नळी आपली आपण पुढे जाते. प्रेशर एकशे चाळीस बार. गाडीच्या टायरच्या साठपट. मोजणीदारांनी मनात भागाकार केला आणि मान हलवली.

"चेंबर कुठंय, काका?"

मोजणीदारांनी कोरफडीकडे बोट दाखवले.

"कुंडीखाली?"

"थोडं कुंडीखाली. बाकीचं भिंतीखाली."

जेटवाल्याने भिंत खालपासून वरपर्यंत पाहिली. मग म्हणाला, हरकत नाही, बाथरूममधून घालतो. प्रेशरपुढं काही टिकत नाही.

नळी जाळीतून आत गेली, साडेचार मीटर गेली आणि थांबली. त्याने खटका दाबला. मशीनने घर डोक्यावर घेतले. बाथरूममधले काळे पाणी आधी थरथरले, मग गोल फिरले आणि खाली गेले. थोरलीने दोन बादल्या ओतून पाहिल्या. दोन्ही गेल्या. तिने मुलीला फोन करून निघायला सांगितले.

त्या दोन बादल्या आणि आधीचे सगळे पाणी त्या वेळी भिंतीपलीकडे धाकटीच्या मोरीतून वर येत होते. धाकटी एका गिऱ्हाइकाचा कोट कापत होती. तिने पाय वर घेतले, कोटाचे कापड त्याहून वर घेतले आणि शेजारणीकडून जेटिंग करणाऱ्याचा नंबर मागून आणला. त्या भागात असा माणूस एकच होता. फोन वाजला तेव्हा तो थोरलीच्या दारात नळी गुंडाळत होता.

तो गल्लीला वळसा घालून आला. अंगणात आल्यावर त्याला भिंत ओळखू आली, कुंडीही ओळखीची वाटली. त्याने नळी सोडवायला घेतली. दोन गिऱ्हाइके ती दोन गिऱ्हाइके. इथे पाणी जास्त होते म्हणून त्याने प्रेशर एकशे साठवर नेले. पाणी थरथरले, फिरले, गेले.

लगेच त्याचा फोन वाजला. थोरली फोनवर बोलत होती. तिचा आवाज फोनमधून येत होता आणि भिंतीवरूनही येत होता, भिंतीवरून जरा लवकर.

"कोण आहे?" धाकटीने विचारले.

"एक गिऱ्हाईक आहे, मावशी."

"आवाज ओळखीचा आहे," धाकटी म्हणाली आणि कोटाकडे गेली.

थोरलीच्या घरी पाणी या वेळी स्वयंपाकघराच्या सिंकमधून आले होते. जेटवाला पुन्हा वळसा घालून आला, तोवर मोजणीदारांनी पेन्सिलने मधल्या भिंतीवर आकृती काढून ठेवली होती. चेंबरला तीन तोंडे. रस्त्याकडचे बंद असले, तर एका घरातून ढकललेले पाणी दुसऱ्या घरात निघणार, जितके ढकलू तितके. "तुमचं मशीन चांगलं आहे," ते म्हणाले, "पण तुम्ही आमचं पाणी तिकडं आणि तिकडचं इकडं करताय."

मग जेटवाल्याने रस्त्यावरचे झाकण उघडून उलट बाजूने नळी घातली. ती सरळ आत गेली आणि कशावर तरी आपटली. त्याने प्रेशर वाढवत नेले. काही वेळाने नळी ओढून घेतली, तेव्हा नोझलचे तोंड चेपलेले होते आणि त्यावर पांढुरकी भुकटी होती. ती त्याने बोटावर घेतली.

"हा कचरा नाही, काका. हे बांधकाम आहे."

तेल असते, केस असते, झाडाची मुळे असती, तर त्याने उडवली असती. सिमेंट उडत नाही. आता झाकण उघडल्याशिवाय गत्यंतर नव्हते, आणि झाकण उघडायचे तर भिंत खालून फोडायला हवी होती. भिंत दोघींची होती.

थोरलीने निरोप दिला, की फोडायची तर त्या बाजूने फोडा, माझ्या बाजूला कोरफड आहे. जेटवाला वळसा घालून गेला. धाकटीने निरोप दिला, की माझ्या बाजूला नुकताच रंग दिलाय, त्यांच्या बाजूने फोडा. तो वळसा घालून आला. तिसऱ्या फेरीनंतर तो थोरलीच्या अंगणातच कुंडीशेजारी उकिडवा बसला. दोघींचेही बोलणे तिथे स्वच्छ ऐकू येत होते. तरी निरोप त्याच्या तोंडून गेल्याशिवाय दोघींपैकी कोणीही तो ऐकला असे धरत नव्हते. तेव्हा थोरली बोलायची, मग तो तेच भिंतीला सांगायचा, मग धाकटी बोलायची आणि तो तेच मागे वळून सांगायचा.

"त्यांना विचारा, एवढी घाई कसली आहे," भिंतीपलीकडून धाकटी म्हणाली. "मला कोट द्यायचाय. उद्या बघू."

"घाई कसली, विचारताहेत," जेटवाला म्हणाला.

थोरलीने मान दुसरीकडे वळवली. जेटवाल्याला वाटले, हे तर सोपे आहे, याचे उत्तर आपल्याला येते.

"संध्याकाळी बाळ यायचंय, मावशी."

पलीकडे कात्रीचा आवाज थांबला.

"कुणाचं?"

"यांच्या मुलीचं. दहा दिवसांचं आहे."

थोरलीच्या मुलीचे पहिल्या झबल्यापासून कॉलेजपर्यंतचे सगळे कपडे धाकटीने शिवले होते. तिला दिवस गेल्याचे धाकटीला कोणी सांगितले नव्हते. थोरलीने पदराचे टोक हातात घेतले आणि त्याची घडी घालत बसली. मोजणीदार आपल्याच आकृतीकडे पाहू लागले.

"मुलगा की मुलगी, विचारा," धाकटी म्हणाली.

जेटवाला वळला. पण थोरली त्याच्याकडे पाहत नव्हती. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मुलगी."

"मुलगी," जेटवाल्याने भिंतीला सांगितले.

"ऐकलं," धाकटी म्हणाली. "रंगाचं राहू दे. माझ्या बाजूनं फोडा."

मोजणीदारांनी भिंतीवरून मापे सांगितली आणि जेटवाल्याने पलीकडे जाऊन चौकट आखली, झाकणाएवढी रुंद आणि चाळीस सेंटिमीटर उंच. पहिल्या घावांपर्यंत ती पाळली गेली. त्यानंतर वरच्या विटा एकमेकींच्या आधाराने खाली आल्या आणि भगदाड कमरेपर्यंत गेले. झाकण दोन्ही बाजूंनी पहारी लावून उचलावे लागले. एक पहार मोजणीदारांकडे होती, दुसरी जेटवाल्याकडे. आत रस्त्याकडच्या पाइपाच्या तोंडात सिमेंटचा घट्ट गोळा बसला होता, उरलेला माल ओतून द्यावा तसा; चार वर्षे पाणी जायची कडेची फट आता दगडासारख्या थराने बुजली होती. गोळ्यातून लाकडी मूठ बाहेर आली होती. गोळा फोडला तेव्हा मुठीला थापी निघाली.

थोरलीने ती पाहिली. भगदाडातून धाकटीनेही पाहिली. गवंड्याशी कोण काय बोलले होते, ते दोघींना आठवले असावे, कारण दोघींनी एकदमच थापीवरून नजर काढली.

जेटवाल्याने नोझल बदलले आणि एकदाच खटका दाबला. घशातून मोठा घोट उतरावा तसा आवाज झाला. दोन्ही घरांतले पाणी एकदम गेले. तो म्हणाला, "बघा, प्रेशरपुढं काही टिकत नाही." त्याने झाकण बसवले, भगदाड बुजवणे आपले काम नव्हे असे सांगितले आणि हातगाडी घेऊन गेला. जाताना त्याने एकच वळसा घातला, दोन्हीकडचे पैसे घ्यायचे होते म्हणून.

दोघींनी आपापले अंगण धुतले. मग झाकण थोरलीने आपल्या बाजूने धुतले. ते पाणी उताराने पलीकडे गेले, ते धाकटीने खराट्याने पुढे काढले.

मुलगी आली ती थेट बाथरूममध्ये गेली. नळ सोडून पाहिला, बंद केला. मागच्या दारातून उजेड नेहमीपेक्षा जास्त येत होता, म्हणून ती बाळाला घेऊन अंगणात आली. भिंतीत भोक होते. भोकात खराटा घेतलेली मावशी वाकून उभी होती.

"मावशी, तिथं काय करतेस?"

"पाणी काढतेय," धाकटी म्हणाली. तिची नजर दुपट्यातून दिसणाऱ्या झबल्यावर होती. "झबलं कुणी घेतलंय हे? खांद्यात केवढं मोठं आहे. विकतचं दिसतंय."

"विकतचंच आहे. आई म्हणाली, तू कामात असतेस."

धाकटीने खराटा भिंतीला टेकवला. हात धुतले, पुन्हा धुतले आणि पदराला कोरडे केले.

"इकडं दे."

मुलीने आईकडे पाहिले. पुढच्या दाराने जायचे तर दोन गल्ल्यांचा वळसा होता. थोरली पुढे झाली, तिने बाळ मुलीच्या हातातून घेतले आणि भगदाडासमोर गुडघे टेकले. मोजणीदार तिथे भगदाडाची रुंदी घेत होते. त्यांची पट्टी मधे आडवी आली होती. थोरलीने एकदा त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी बटण दाबले, पट्टी खटकन आत गेली आणि ते बाजूला झाले.

बाळ पलीकडे गेले तेव्हा झोपलेलेच होते. धाकटीने ते झाकणावर मांडी घालून मांडीवर घेतले आणि गळ्यातला टेप काढला.

"ताई, डोकं धर," ती म्हणाली. "हलतंय."

थोरलीने भगदाडातून दोन्ही हात घालून डोके धरले.

"भावोजी, लिहून घ्या."

मोजणीदारांनी कानावरची पेन्सिल काढली आणि भिंतीवरच्या आकृतीखाली लिहायला सुरुवात केली.

उंची वीस इंच. छाती साडेतेरा. बाही पावणेसात.