तुस्कानोसाहेबांचा परिचयवर्ग

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्याने तुस्कानोसाहेबांना मोठ्या प्रेमाने "हैप्पी क्रिसमस, साहब" म्हटलं आणि स्वतःची सकाळ वाया घालवली. साहेबांनी हातातला फ्लॉवर परत गाडीवर ठेवला. "क्रिसमस अभी कहाँ? अभी आगमनकाल है. चार हफ्ते. प्रतीक्षा का समय!" मग गळ्यातला जांभळा मफलर पुढे करून जांभळा रंग पश्चात्तापाचा कसा आणि तिसऱ्या रविवारी तो बदलून गुलाबी का घालायचा, हे त्यांनी त्याला समजावलं. मागे दोन बायका पालकाच्या जुड्या धरून ताटकळत होत्या. शेवटी भाजीवाला म्हणाला, "साहब, गोभी लेंगे, कि गोभी की भी प्रतीक्षा करेंगे?"

साहेब हसले नाहीत. ते विनोदावर हसत नाहीत, त्यातली चूक शोधतात.

इनास तुस्कानो मूळचे वसईचे. रेल्वेच्या सिग्नल खात्यात इंजिनियर होते, बदलीवर लखनौला आले आणि निवृत्त झाल्यावर इथेच इंदिरा नगरात राहिले. आमच्या गल्लीत मराठी घरं दोनच, त्यांचं आणि आमचं. परमुलखात मराठी माणूस भेटला की जीव सुखावतो, असं म्हणतात. असं म्हणणाऱ्यांच्या शेजारी तुस्कानो राहत नसावेत.

"व्याख्या आधी!" हे त्यांचं पालुपद. गणपतीत माझी बायको त्यांना मोदक द्यायला गेली आणि बोलता बोलता म्हणाली, "तुमच्यात मेरीची पूजा करतात ना?" झालं. "व्याख्या आधी, वहिनी! पूजा फक्त देवाची. मातेचा सन्मान!" ती अर्ध्या तासाने परतली. मार्थाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, मधल्या मधे तिला खुर्ची आणून दिली होती. नवरा बोलायला लागला की पाहुण्याला खुर्ची द्यायची, हा त्या घरचा रिवाज आहे.

मी त्यांच्या तावडीत सापडलो तो माझ्याच तोंडामुळे. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. एकदा फाटकाशी उभा राहून एका विद्यार्थ्याला फोनवर सांगत होतो, की 'निष्कलंक गर्भधारणा' म्हणजे येशूचा कुमारिकेच्या पोटी झालेला जन्म. शेजारच्या कुंपणावरून आवाज आला, "चूक! ती मरियेची स्वतःची. ती तिच्या आईच्या पोटी राहिली तेव्हाची. प्राध्यापक, हे तुम्ही मुलांना शिकवता? पगार घेऊन?"

पुढच्या रविवारी मी त्यांच्या वर्गात होतो.

चर्चच्या मागे एक खोली आहे. तिथे मिस्सेची सामूहिक प्रार्थना आटोपल्यावर 'कॅथलिक श्रद्धेचा परिचय' हा वर्ग भरतो. फादरांनी तो दहा रविवारांचा म्हणून साहेबांकडे सोपवला होता. मी गेलो तेव्हा अठ्ठाविसावा रविवार चालू होता आणि साहेब अजून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्यावरच होते. फादर दारावरून जाताना घड्याळाकडे बघत आणि पावलं उचलत.

विद्यार्थी तीन. एक मी. दुसरा रोहित, मोबाइलच्या दुकानात काम करणारा हसरा पोरगा. त्याचं एका कॅथलिक मुलीशी लग्न ठरलं होतं आणि धर्म समजून घ्यावा एवढीच सासऱ्यांची इच्छा होती. तिसरी सरिता, थेट शहराच्या दुसऱ्या टोकाच्या 'वृंदावन योजना' वसाहतीतून दोन रिक्षा बदलून येणारी नर्स. जन्माने कॅथलिक, पण लहानपणी काही शिकायलाच मिळालं नाही, म्हणून आता येत होती. ती कधी बोलत नसे. सगळं वहीत उतरवून घेई.

बोलायची चूक रोहित करी. "अंकल, समझ गया. जैसे बर्फ, पानी और भाप. चीज़ एक, रूप तीन."

"पाखंड!" साहेबांनी टेबलावर पट्टी आपटली. "सोलह-सत्रह सौ साल पहले निकाला हुआ पाखंड!"

रोहितचा चेहरा पडला. "अंकल, शादी तो हो जाएगी न?"

सात संस्कारांवर आलो तेव्हा मी सहज म्हणालो, "आमच्यात सोळा असतात." साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "हा लिलाव नाही, प्राध्यापक." या वर्गाला परीक्षा नाही, असं फादरांनी दोनदा सांगूनही त्यांनी तोंडी परीक्षा घेतली आणि रोहितला नापास केलं. मला काठावर पास केलं. सरिताला पैकीच्या पैकी गुण दिले आणि वर तिचं अक्षर सुधारायला सांगितलं.

मी घरी येऊन त्यांची नक्कल करत असे. मफलर गुंडाळून "व्याख्या आधी!" म्हटलं की माझी मुलगी हसून लोळायची आणि म्हणायची, "पापा, एक बार और!" या माणसाच्या मते देवसुद्धा सिग्नल खात्याचा नोकर असणार, असं माझं ठाम मत झालं होतं. दिवा हिरवा असला तर दया, लाल असला तर थांबा.

फेब्रुवारीत बाप्तिस्म्याचा धडा आला. साहेब रंगात होते. पाणी कसं ओतायचं, शब्द कोणते, एक शब्द इकडचा तिकडे झाला तर काय, सगळं सांगून झालं. मग पट्टी उगारून म्हणाले, "अब सबसे ज़रूरी बात. याद रखो. फादर न हो और जान पर बनी हो, तो बपतिस्मा कोई भी दे सकता है. कोई भी! डॉक्टर, पड़ोसी, हिंदू, मुसलमान. बस पानी चाहिए और नीयत."

सरिताने पेन खाली ठेवलं. "कोई भी, अंकल?"

"कोई भी."

"मैं भी दे सकती थी?"

"हाँ हाँ, क्यों नहीं, तुम भी..." एवढं बोलून साहेब थांबले. तिचा चेहरा त्यांना तेव्हा दिसला.

"मेरी बेटी तीन घंटे रही," ती म्हणाली. "सब फादर को फोन लगाते रहे. मैं भी रास्ता देखती रही. पानी तो वहीं था, अंकल. मुझे मालूम ही नहीं था."

रोहित वहीकडे बघत राहिला. मी साहेबांकडे बघत होतो. आता व्याख्या येणार, पान क्रमांक येणार आणि ही बाई इथे कोसळणार, अशी मला खात्री होती. मी उठायच्या बेतात होतो.

साहेबांनी पट्टी ठेवली. पुस्तक मिटलं. खुर्ची ओढून ते तिच्यासमोर बसले. इतक्या रविवारांत मी त्यांना वर्गात बसलेलं पाहिलं नव्हतं.

"किताब में लिखा है, बपतिस्मे के बिना गए बच्चों को चर्च ईश्वर की दया पर सौंपता है," ते म्हणाले. "बस, इतना ही." मग त्यांनी चष्मा काढला. "हमारी भी एक थी. पहली. वसई में. रात भर थी. मैं साइकिल लेकर फादर को लाने गया. लौटा तो..." त्यांना पुढचं हिंदी सापडेना. ते मराठीतच बोलले. "खाटेखाली तांब्या भरलेला होता. मला कोणी शिकवलंच नव्हतं."

सरिताला मराठी येत नाही. पण तिने मान हलवली.

"सुनो बेटी," ते म्हणाले. "उसकी दया हमारी जानकारी की मोहताज नहीं है. यह किताब में नहीं है. यह मैं कह रहा हूँ."

त्या दिवशी मी आणि साहेब एकाच ई-रिक्षाने परतलो. एवढी वर्षं हा माणूस दिसेल त्याला धरून का शिकवत होता, ते आता कळलं होतं. बाजारापाशी रिक्षा अडकली तेव्हा ते समोर बघतच म्हणाले, "प्राध्यापक, मार्थाकडे हा विषय काढू नका. त्या रात्री कोणाच्याच हातात काही नव्हतं, असं ती समजते." रिक्षा हलली तेव्हा म्हणाले, "निदान मला तसं वाटतं. तिला विचारायची हिंमत मला चाळीस वर्षांत झाली नाही."

गल्लीत पोचलो तर मार्थाकाकू फाटकात उभ्या होत्या.

"किती उशीर! आज काय शिकवलंत एवढं?"

"काही नाही," साहेब रिक्षातून उतरत म्हणाले. "आज धडा झालाच नाही."