आमचं वेल्सचं चर्च

अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरीत कोणी कुठल्या इमारतीला जुनी म्हटलं, की बापटकाकांना हसू येतं. आमच्या गावातलं पांढरं लाकडी चर्च बघायला लोक लांबून येतात. काका म्हणतात, "हे कालचं. आमच्या चर्चची नुसती कमानच नऊशे वर्षांची आहे."

आमचं म्हणजे वेल्समधल्या एका खेड्यातलं. काका निवृत्त डॉक्टर, रोज संध्या करणारे. अमेरिकेत येण्याआधी ते वेल्सला नोकरीत होते आणि त्या चर्चचा इतिहास त्यांना तोंडपाठ आहे. गणपतीला सगळ्यांनी घरून पदार्थ आणायच्या पॉटलकला आपण मोदक फोडेपर्यंत ते चर्च स्थापणारा त्यांचा संत डोंगर उतरून आलेला असतो. मग भिंतीवरची चित्रं, मग धर्मसुधारणेच्या काळात ती झाकायला फासलेला चुना. चुन्यापाशी काकांचा आवाज चढतो. त्यांच्या शेजारची खुर्ची नेहमी रिकामी असते. माझ्या मुलीने एकदा विचारलं, "काका, शॉर्ट व्हर्जन आहे का?"

"हीच शॉर्ट," काका म्हणाले.

गेल्या महिन्यात ते चर्च विकलं गेलं. आता तिथे सुट्टीत भाड्याने द्यायचं घर होणार. काकूंचा मला फोन आला. "बातमी कळल्यापासून बोलत नाहीत रे. जरा बाहेर ने त्यांना."

तळ्याकडे ड्राइव्ह करताना मीच विषय काढला. "काका, हा सगळा इतिहास तुम्हाला सांगितला कुणी?"

"मिसेस मॉर्गननी. चर्चची किल्ली त्यांच्याकडे असायची. विधवा बाई, एकट्या. मला त्या गावात दुखण्याखुपण्यापलीकडे कोणी काही विचारत नसे. या दर रविवारी बोलवायच्या आणि तेच सगळं सांगायच्या. कंटाळा यायचा, पण दुसरं जाणार कुठे? आणि नंतर चहा मिळायचा."

"मग?"

"मग अमेरिका. पुढच्या उन्हाळ्यात येतो म्हणालो होतो. गेलो तो कितीतरी वर्षांनी. बाई वृद्धाश्रमात होत्या. मला ओळखलं नाही. चर्चही आठवेना. काय बोलावं कळेना, म्हणून मीच त्यांना इतिहास सांगितला. सगळा, त्यांनी सांगितला होता तसाच. त्या माझा हात धरून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, किती छान. हे मला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं."



"मग तुम्ही काय केलंत?"

"पुन्हा पहिल्यापासून सांगितलं."