नानांचा मठ्ठ्याचा गाडा

आमचे शेजारी सोपाननाना लग्नात माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, हातातल्या ग्लासकडे बघतात. ग्लासात दोन घोट उरलेत आणि पाहुणा तो हळूच खुर्चीखाली सरकवण्याच्या बेतात आहे, हे त्यांना हॉलच्या दुसऱ्या टोकावरून दिसतं. मग तिथून गाडा निघतो. "पावणं, आदी वता, मंग टाका!"

गाडा नानांनी स्वतः जुळवलेला. चाकं दवाखान्यातून भंगारात निघालेल्या खाटेची. पुढं स्टीलच्या दोन टाक्या, एकीच्या तोटीला पाणी, दुसरीच्या तोटीला मठ्ठा. मागं उष्टं ओतायला मधोमध भोक पाडलेली परात, तिच्याखाली बादली. शेजारी उभा पाइप, त्यात रिकामे झालेले कागदी ग्लास एकात एक बसवायचे. परातीची कल्पना त्यांना खोडदला सुचली. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या, आभाळाकडे तोंड केलेल्या तबकड्या बघून मला म्हणाले, "आभाळातलं समदं हितं एका जागी गोळा व्हतं राव. मंग मठ्ठा का नाय व्हनार?"

पेठजवळ हायवेला एसी मंगल कार्यालय झालं तेव्हापासून नाना तिथलेच झाले. आमंत्रण असो वा नसो, तिथी आली की स्वारी हजर. फरशी कोरडी राहते म्हणून मालकही काही म्हणत नाही. बाटल्यांतलं उरलेलं पाणी कार्यालयाच्या झाडांना जातं आणि बादली घरी नानांच्या म्हशीपुढं. इतक्या लग्नांचा मठ्ठा प्यालेली दुसरी म्हैस तालुक्यात नसेल.

एकदा एक पुढारी शुभेच्छा द्यायला उठले आणि अर्धी बाटली टेबलावर ठेवून बोलत सुटले. नाना गाड्यासकट स्टेजच्या पायरीशी जाऊन उभे. "सायेब, संपवा, न्हाई तर वता." साहेबांनी भाषण सोडून आधी बाटली संपवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या भाषणाला नव्हत्या.

गाड्याला सायकलची घंटीही होती. होती म्हणतो, कारण एका लग्नात ती ऐन मंगलाष्टकांत वाजली. बाहेरच्या बँडवाल्यांना वाटलं खूण झाली, त्यांनी जोरात सुरुवात केली, घाबरून नवरीनं हार घालून टाकला. भटजींचं शेवटचं मंगलाष्टक अजून शिल्लक आहे.

मला मात्र त्या गाड्यामागं जुनी लग्नं दिसतात. दारापुढचा मांडव, शेणानं सारवलेलं अंगण, पंगतीतून पितळी तांब्या घेऊन फिरणारी भावकीतली माणसं. कुणाला मठ्ठ्यात मीठ जास्त लागतं हे वाढणाऱ्याला ठाऊक असायचं. पेला रिकामा होईपर्यंत तो समोरून हलायचा नाही, तेवढ्यात दोघांच्या घरच्या चार गोष्टी होऊन जायच्या. त्या लग्नांची मला फार आठवण येते. आता टेबलावर बाटल्या रचलेल्या असतात, आपली आपण उचलायची.

तर, माझ्या धाकट्या भावाच्या, सुरेशच्या पोरीचं, पल्लवीचं लग्न त्याच कार्यालयात ठरलं. सुरेशनं जाहीर केलं, "पल्लवीला नानांनी अंगाखांद्यावर खेळवलंय. आज त्यांनी गाडा ढकलायचा नाही. फेटा बांधून पहिल्या रांगेत बसायचं." सगळ्यांना पटलं, मलाही. गाडा मागच्या खोलीत गेला. नाना फेटा बांधून, मांडीवर मानाचा नारळ घेऊन पहिल्या रांगेत बसले. फोटो काढायला नेलेल्या पोरासारखे ताठ! येणारे-जाणारे लांबूनच हात जोडत होते.

अक्षता पडल्या, लोक जेवणाकडे वळले, तर नानांची खुर्ची रिकामी. शोधत मागच्या खोलीत गेलो. नाना गाड्याची तोटी फेट्याच्या टोकानं पुसत होते.

"नाना, चला जेवायला."

"तू जा बाळू." मग पुसता पुसताच म्हणाले, "तुमी मान दिला, लई बरं वाटलं. पन मला नुसतं बसाया येत न्हाई राव. माझी कारभारीन, सिंधू, व्हती तवा बरं व्हतं. लोकं तिच्याशी बोलायची, बोलता बोलता माझ्याशी बी बोलायची. ती गेल्यावर आणे गावाला एका लग्नाला गेलो. भिंतीला टेकून हुभा ऱ्हायलो, जेवलो, आलो. आलास का म्हनून कुनी इचारलं न्हाई, चाललास का म्हनून बी न्हाई. घरी आल्यावर ध्यानात आलं, दिसभरात तोंडातून शबुद निगाला न्हाई." त्यांनी तोटीवरून हात फिरवला. "गाडा असला की मानूस आपनहून येतं. तान तर समद्यांनाच लागती ना?"

मी दार सताड उघडलं आणि गाडा ओढायला लागलो.

"अरं, सुरेश चिडंल!"

"चिडू द्या."

गाडा हॉलमध्ये शिरला तसा सुरेश तरातरा आला. नाना थबकले. सुरेश कोटात घामाघूम झाला होता. त्यानं एकदा माझ्याकडे, एकदा नानांकडे बघितलं आणि हात पुढं केला. "नाना, मठ्ठा द्या. सकाळपासून घसा कोरडा पडलाय."

मग काय विचारता! फेट्यासकट नाना सगळ्या हॉलभर फिरले. पंगती उरकत आल्यावर मी दोन ताटं वाढून आणली, टाक्यांवर ठेवली आणि आम्ही दोघं गाड्याच्या दोन बाजूंना उभे राहून जेवलो. मुलाकडचे एक वयस्कर पाहुणे मठ्ठ्याला आले. ग्लास भरून घेतला तरी जाईनात. नानांचा फेटा बघून त्यांनी विचारलं, "तुमी मुलीचे कोन?"

नानांच्या तोंडात घास होता. तो गिळून ते फेटा सारखा करायला लागले.

थोरला चुलता खरं तर मी. पण मी म्हणालो, "हे मुलीचे थोरले चुलते."

नानांनी माझ्याकडे बघितलं नाही. पाहुण्यांचा ग्लास काठोकाठ भरलेला होता, तरी त्यांनी तो हातातून घेतला आणि पुन्हा तोटीखाली धरला.