गुलाबी जावईबापू

मशीनचं झाकण उघडलं आणि धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. आत टाकताना दुधासारखे पांढरे असलेले अर्धा डझन शर्ट आता गुलाबी झाले होते. कुठे डाग नाही, कुठे ठिपका नाही. मुद्दाम रंगवायला दिले असते तरी इतके एकसारखे रंगले नसते. सगळ्यांच्या तळाशी, अंग चोरून, हॉटेलचा एक लाल नॅपकिन बसला होता.

सासरी सगळ्यांत लहान सून म्हणून तिला धाकटी म्हणायचे. आता चाळिशी उलटून गेली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी ती धाकटीच राहिली होती. लॉन्ड्री ती आणि नवरा मिळून चालवत. नवरा कपडे आणायचा आणि पोचवायचा, धुलाई आणि इस्त्री तिच्याकडे. मशीन भरण्याआधी ड्रममध्ये हात फिरवून बघायचा, हा तिचाच नियम. पण त्या सकाळी काउंटरवर शाळेतल्या बाई आल्या होत्या, विषय निवडणुकीचा निघाला होता, आणि पुढारी एकजात कसे चोर असतात हे सांगण्याच्या भरात हात फिरवायचा राहिला.

आणि शर्ट कुणाचे, तर नगराध्यक्षपदाला उभ्या असलेल्या जावईबापूंचे.

जावईबापू टीव्हीवरचे नट. एका मालिकेत त्यांनी वर्षानुवर्षं घरजावई केला होता. सासऱ्याचा चष्मा लावायचा, सासऱ्याचा पेपर आधी वाचायचा, आणि काम सांगितलं की कंबर धरून खाली बसायचं. गावाला त्यांचं खरं नाव ठाऊक नव्हतं आणि गरजही नव्हती. बाहेरही माणूस तसाच चमत्कारिक. जाईल तिथे घडीची खुर्ची बरोबर. भर चौकात ती मांडायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायचे, "बसा की, घाई काय आहे?"

त्यांच्या समोर उभे होते धाकटीचे थोरले दीर, भावोजी. नगरपालिकेच्या गटार खात्यातून निवृत्त झालेले. वडील गेल्यावर धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं, लॉन्ड्रीही त्यांच्याच जिवावर उभी राहिली. गावातलं कुठलं गटार कुठे जाऊन कुठल्या गटाराला मिळतं हे त्यांना झोपेतही सांगता यायचं, आणि जाऊबाई म्हणायच्या की ते झोपेतही सांगतात. घरात लग्न असो वा कुणी दवाखान्यात असो, भावोजी बोलायला लागले की पाचव्या वाक्याला पाइपाच्या उतारावर यायचे.

दुपारी जावईबापूंचा सेक्रेटरी कपडे न्यायला आला. त्याने एक शर्ट दोन बोटांत उचलून धरला.

"हे काय आहे?"

"शर्ट."

"आमचे?"

"मापाने तुमचेच," धाकटी म्हणाली.

सेक्रेटरीचा आवाज चढला. संध्याकाळी पहिली सभा, दुसरे कपडे शहरात, आता साहेबांनी काय घालायचं, असं त्याचं चाललं असतानाच बाहेर गाडीतून जावईबापू स्वतः उतरले. आत आले, इस्त्रीच्या टेबलाशेजारी खुर्ची उघडून बसले आणि शर्टाकडे बराच वेळ बघत राहिले. मग पडद्याआड जाऊन तो घालून आले.

"ताई, खरं सांगा. कसा दिसतो?"

घाबरलेल्या माणसाच्या तोंडून कधी कधी खरं निघून जातं. "माणसासारखे दिसता," धाकटी म्हणाली. "सकाळी गावात पांढऱ्यात फिरत होतात तेव्हा पुढारी दिसत होतात."

जावईबापू इतके हसले की खुर्ची कुरकुरली. धाकटीला वाटलं, जीव भांड्यात पडला. जाता जाता त्यांनी विचारलं, "मत देणार ना आम्हाला?"

"तुमच्यासमोर माझे दीर उभे आहेत."

"ते गटारवाले? मग त्यांनाच द्या. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. त्यांना कळतं."

रात्री जेवताना धाकटीने हे नवऱ्याला सांगितलं. "स्वतःहून म्हणाला हो, मला कळत नाही. असा पुढारी पाहिलाय कधी?" सांगताना आपण कौतुकाने सांगतोय हे तिच्या ध्यानात आलं नाही. नवऱ्याच्या आलं, पण तोही सभेहूनच आला होता.

सभा जावईबापूंनी जिंकली होती. गुलाबी शर्टात, खुर्चीवर बसून ते म्हणाले होते, "पांढऱ्या कपड्यांतले लोक तुम्ही पुष्कळ पाहिले. सेवक म्हणून येतात आणि जावई होऊन बसतात. मी आधीच सांगतो, मी जावई आहे. मानपान घेईन, आरामात बसेन. निदान फसवलं असं म्हणू नका." मग त्यांनी शर्टाची कॉलर वर केली. "हा शर्ट एका लॉन्ड्रीवाल्या ताईंनी दिला. म्हणाल्या, यात तुम्ही माणसासारखे दिसता."

दुसऱ्या दिवशी हे वाक्य पोस्टरवर आलं. तिसऱ्या दिवसापासून लॉन्ड्रीत पांढरे शर्ट यायला लागले. धुवायला नाही, रंगवायला. शिंपी आला, बँकेतला कॅशियर आला, दाताचे डॉक्टर आपला पांढरा कोट घेऊन आले. "तोच गुलाबी हवा," प्रत्येक जण बजावायचा. "दुसरा नको." धाकटीला तो नेमका कसा झाला होता हे आठवत नव्हतं. नवऱ्याने रंगाची पाकिटं आणली आणि दोन्ही मशीन त्यावर जुंपली.

जाऊबाई एकदा डोकावून गेल्या. "तुमचे दादा उन्हातान्हात दारोदार फिरताहेत, आणि तुम्ही घरात बसून त्या माणसाच्या वर्द्या रंगवताय?"

"वहिनी, धंदा वेगळा, मत वेगळं," नवरा म्हणाला. जाऊबाईंनी फक्त टोपलीतला एक शर्ट बोटांनी चाचपून बघितला आणि गेल्या.

शाळेतल्या बाईही ओढणी रंगवायला घेऊन आल्या तेव्हा मात्र धाकटीला राहवलं नाही. "बाई, तुमचा त्या माणसावर विश्वास आहे?"

"विश्वास? छे," बाई म्हणाल्या. "ज्यांच्यावर ठेवला त्यांनी काय दिवे लावले? हा निदान ठेवा असं म्हणत तरी नाही. आणि रोज संध्याकाळी वर्षानुवर्षं घरी येत होता हो. माझे हे गेले तेव्हा सगळं घर सुन्न होतं, त्या घरात पहिल्यांदा मी हसले ते त्याच्यावरच." ओढणी काउंटरवर ठेवून त्या म्हणाल्या, "तुमचे दीर सज्जन आहेत. पण त्यांचं ऐकताना आपण नापास झालोय असं वाटतं."

धाकटीने ओढणी टोपलीत टाकली. तिलाही तसंच वाटायचं.

भावोजींची मोठी सभा मतदानाच्या दोन दिवस आधी होती. त्यांचा सभेचा म्हणून एकच चांगला पांढरा शर्ट. तो धाकटीने स्वतः घेतला. एवढं तरी आपल्या हातून नीट व्हावं, असं तिला फार वाटत होतं. मशीन दोनदा रिकामं फिरवलं, ड्रममध्ये कोपरापर्यंत हात घालून पाहिलं, मग एकटा तो शर्ट धुतला. वाळला तेव्हा पांढरा वाटला. इस्त्री करतानाही वाटला. पण इतके दिवस मशीनच्या पोटात मुरलेला रंग कुठून तरी उतरलाच होता. मैदानावर दिवे लागले आणि भावोजी व्यासपीठावर उभे राहिले तेव्हा तो शर्ट सरळसरळ गुलाबी दिसायला लागला.

भावोजींना रंगातलं कधीच काही कळलं नव्हतं. त्यांनी नकाशा उघडला आणि सांडपाण्याच्या वाहिनीवर बोलायला सुरुवात केली. मैदानात आधी कुजबुज झाली. मग कुणीतरी ओरडलं, "काकापण आले आपल्यात!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. भावोजी थबकले. चष्मा पुसला. मग दुप्पट जोमाने पाइपाच्या व्यासाबद्दल बोलले, आणि दर वाक्याला टाळी पडत गेली.

सभा संपल्यावर ते सरळ लॉन्ड्रीत आले. चेहरा असा फुललेला तिने त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"धाकटे, आज लोकांना पटलं. मी उगाच म्हणायचो की लोकांना कळत नाही. नीट सांगितलं की कळतं बघ."

धाकटी शर्टाकडे बघत उभी राहिली. सांगायला हवं होतं. शब्द अगदी ओठांवर होते. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा टाळ्या मिळालेल्या माणसाला त्या कशासाठी मिळाल्या हे सांगायचं तिच्या जिवावर आलं.

"पाणी घ्या, भावोजी," ती म्हणाली. "घसा बसला असेल."

सकाळपर्यंत गावभर झालं की भावोजींनी जावईबापूंना पाठिंबा दिला. भावोजींनी खुलासा छापून वाटला. तो दोन्ही बाजूंनी भरगच्च होता आणि त्यात मधेच एक आकृतीही होती. कुणी शेवटपर्यंत वाचला नाही.

मतदानाच्या दिवशी धाकटी ठरवून गेली होती. रांगेत उभी असताना मनातल्या मनात भावोजींचं चिन्ह घोकत होती. आत गेल्यावर समोर दोन फोटो आले. भावोजींचा फोटो ऑफिसच्या ओळखपत्रावरचा, नळ नीट बंद केलात का असं विचारत असल्यासारखा. शेजारी जावईबापू, तिच्या हातच्या शर्टात, हसत. तिला आठवलं, भावोजींनी आपल्या संसारासाठी काय काय केलं. हेही आठवलं की त्यांनी आपल्याला कधी, तू कशी आहेस, असं विचारलेलं आठवत नाही. त्या दुसऱ्याने एका दुपारी, आपला शर्ट बिघडवला असताना, खुर्ची मांडून आपलं मत विचारलं होतं. तो कामाचा नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण कामाच्या माणसांनीही आजवर असं काय केलं, असं वाटलं. आणि भावोजींना काय, घरची सगळी मतं आहेत, गल्ली आहे, खातं आहे. आपलं एक इकडे गेलं तर काय बिघडतं?

बाहेर आली तेव्हा बोटावरची शाई वाळली नव्हती आणि तिला रडू येत होतं. नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "ऊन लागलं."

जावईबापू प्रचंड मतांनी निवडून आले. भावोजी त्या संध्याकाळी नकाशाची गुंडाळी काखेत मारून घरी गेले आणि कुणाला काही बोलले नाहीत. तेच धाकटीला जास्त लागलं. चिडले असते तर बरं झालं असतं.

नवे नगराध्यक्ष शब्दाला जागले. त्यांनी काहीच केलं नाही. वर्ष सरता सरता एका सकाळी लॉन्ड्रीचं शटर उघडलं तर आत पाऊलभर काळं पाणी. गटार उलटं दुकानात शिरलं होतं. नवऱ्याने नगरपालिकेत फोन लावले, कुणी उचलले नाहीत. मग त्याने भावाला फोन केला. भावोजी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, लांब सळई घेऊन हजर झाले. मागोमाग जाऊबाईही आल्या. भावोजींनी रस्त्यातलं झाकण उचललं आणि आत उतरले.

गल्लीतले लोक जमले. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "अशी माणसं निवडून यायला हवीत." सगळ्यांनी माना हलवल्या, अगदी मनापासून. आपण काय केलं होतं हे जणू कुणाला आठवतच नव्हतं.

तेवढ्यात जावईबापूंची गाडी आली. ते उतरले, पाण्याकडे पाहिलं आणि त्या पाण्यातच खुर्ची मांडून बसले. "मंडळी," ते म्हणाले, "सासुरवाडीत पाणी नाही म्हणून रुसणारे जावई पुष्कळ पाहिले. माझी सासुरवाडी पाणी घेऊन दारात आली."

गल्ली खदखदून हसली. शाळेतल्या बाई डोळे पुसत हसल्या. धाकटी हातात भिजलेल्या चादरी घेऊन उभी होती, तरी तिलाही हसू फुटलं. तिने खाली पाहिलं. खड्ड्यात, कमरेपर्यंत घाणीत, भावोजीसुद्धा हसत होते.

जावईबापू सगळ्यांना हात करून निघून गेले. गर्दीही पांगली. तिथे घरचीच माणसं राहिली.

"बोलतो छान," भावोजी खालून म्हणाले. "मला ते कधी जमलं नाही. हरलो त्याचं वाईट नाही वाटत, धाकटे. गाव आपलं असलं तरी लोक परकेच." त्यांनी सळई आत खुपसली आणि समाधानाने म्हणाले, "घरातली चार मतं तरी माझी होती. बाकी काय हवं माणसाला?"

धाकटीने चादरी पटकन पायरीवर टाकल्या, साडी खोचली आणि खड्ड्याजवळ जाऊन सळईचं दुसरं टोक पकडलं. भावोजींकडे बघायची तिला हिंमत होत नव्हती. पण शेजारी पाण्यात आणखी कुणीतरी उतरल्याचा आवाज झाला. नवरा होता. खाली मान घालून त्याने सळईला हात लावला. पाठोपाठ, कधी गटाराच्या आसपास न फिरकणाऱ्या जाऊबाईही चपला काढून आल्या आणि दोन्ही हातांनी सळई धरली. कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

तिघांनी मिळून जीव खाऊन जोर लावला. भावोजींना भरून आलं. इतक्या वर्षांत त्यांच्या कामाला घरातून एवढी मदत कधी मिळाली नव्हती.