बाबलभाऊंचं 'येतंय'

मालवणच्या जेटीवर बाबलभाऊ पुठ्ठ्यातून समुद्र पाहायचे. पुठ्ठ्याला दोन खिडक्या कापलेल्या. मोठी संगणकाच्या पडद्याएवढी, लहान मोबाइलएवढी. लहानीतून पाहून म्हणायचे, "होडी मावता हो, पण दर्यो भायर रवता."

जेटीजवळ त्यांचं सायबर कॅफे. आमच्या मच्छीमार सोसायटीचं इंटरनेटवरचं पान ते तयार करत होते. हवामान आणि मासळीचा भाव कचेरीतल्या संगणकावर, होडीतल्या मोबाइलवर, सगळीकडे दिसायला हवा होता. चाचणीपुरतं ते सुरूही होतं; पान पास करणारा सेक्रेटरी मी.

मला डुलत्या होडीत उभं करून, हाताला मासळीच्या बुळबुळीसारखं खोबरेल चोपडून ते मोबाइल द्यायचे. "सेक्रेटरीनू, बांगड्याचो भाव काढा!" माझा अंगठा भलतीकडेच घसरायचा. "बघलात? बटान आंगठ्याक सापडाक होया, डोळ्यांक नाय!" दुसऱ्या दिवशी बटण मोठं झालेलं असे.

लहान पडद्यावर जागा पुरेना. बाबलभाऊंनी सोसायटीचं नाव आखूड केलं, चेअरमनचा फोटो उडवला. पण पान बंद करायचं बटण प्रत्येक पडद्याच्या तळाशी ठाण मांडून होतं. त्यावर लिहिलेलं, 'येतंय', म्हणजे 'येतो'. आमच्याकडे निघताना कुणी 'जातंय' म्हणत नाही, म्हणून.

चेअरमन भडकले. "माका जागा नाय, नि ह्या खुळ्या बटनाक आसा? ता काढल्याशिवाय पान पास करू नको!"

मी भिडस्त. 'बरं' म्हणालो, आणि अपराध्यासारखा संध्याकाळी कॅफेत गेलो. बाबलभाऊ एकटेच संगणकापुढे, मांडीवर मोबाइल. दोन्हीवर तेच पान. खिडकीतून तांबूस उजेड आत आला होता, काचेवर होड्या तरंगत होत्या. तेवढ्यात दोन्ही पडद्यांवर एकदम शब्द उजळला: येतंय. कुणी कुठेही ते बटण दाबलं की तो इथे असा उजळे, गावाच्या नावासकट.

"कुणी दाबलं हे?"

"आमच्या झिलान. मस्कतातसून दुसरो कोण बघतलो?"

"मुलाला मस्कतात बसून बांगड्याचा भाव कशाला?"

बाबलभाऊ पुठ्ठा चाचपत राहिले. "तो माझ्याशी भांडान गेलो. दारात 'जातंय' म्हणालो. फोन करीत नाय. भाव मात्र रोज बघता... नि बंद करताना ह्या दाबता."

चेअरमनचा निरोप मी गिळला. "पान पास, बाबलभाऊ. आहे तसंच."

मी उठलो, उंबऱ्याशी थांबून म्हणालो, "येतो."

मला एरवी कधी एकेरी न बोलणारे बाबलभाऊ, पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "ये रे. सावकास ये."