खालचं कुलूप माझ्याकडं

आमच्या समोरच्या खोलीत राहणारे खरवडे काकाजी स्वतःच्या घराचं दार एकट्यानं उघडू शकत नसत. त्यांचे हात धड होते, दारही धड होतं. पण त्या दाराला त्यांनी दोन कड्या ठोकून दोन कुलपं लावली होती. वरच्या कुलपाची चावी त्यांच्या जानव्याला आणि खालच्याची माझ्या कमरेला. रोज संध्याकाळी बँकेतून आले की सायकल भिंतीला टेकवायचे आणि आवारातून हाक द्यायचे, "बाई, दुसरी चावी!" आधी ते आपलं कुलूप काढायचे, मग मी माझं. मी भाकरी थापत असले तर पिठाच्या हातानं जायचं. काकाजी तोवर पायरीवर टोपी काढून उभे.

सकाळी लावताना पुन्हा तेच.

"चालली काय वं बँक उघडाले?" आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, रोज म्हणायचे. ते गिरणीत होते, पाळीवरून आले की त्यांना थट्टेला काहीतरी लागायचं, आणि समोर काकाजी आयतेच होते.

एकदा त्यांनी काकाजींनाच गाठलं. "काकाजी, खोलीत आहे काय एवढं?"

"एक खाट, एक स्टोव्ह, दोन पातेली, एक ट्रंक."

"मग दोन कुलपं काहून जी? चोर आला तर तोच काहीतरी ठेवून जाईन."

"मालाचा प्रश्न नाही, पद्धतीचा आहे," काकाजी म्हणाले. "बँकेची तिजोरी एका हातानं उघडत नसते. एक चावी अकाउंटंटजवळ, एक हेडकॅशियरजवळ. दोघं हजर असले तरच दार उघडते. मी अठ्ठावीस वर्षं असंच दार उघडलं. आता सवय मोडत नाही."

नागपूरच्या गणेशपेठेतल्या आमच्या आवारात पाच बिऱ्हाडं होती. त्यातून मलाच का निवडलं, तेही त्यांनी सांगितलं. "चावी सांभाळायला तोंड मिटलेलं माणूस लागते." हे खरं होतं. मी कोणाशी फारशी बोलत नसे. कोणी काही विचारलं की माझे कान तापायचे आणि उत्तर नंतर, भांडी घासताना सुचायचं.

त्यांची एक वही होती. चावी लागली की त्यात वेळ लिहायची आणि दोघांनी सही करायची. चौथीनंतर माझी पाटी सुटली ती सुटलीच. लग्नानंतर मी माझं नाव कुठं लिहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी "गोदावरी" लिहायला मला इतका वेळ लागला की त्यांचा स्टोव्हवरचा चहा उतू गेला. त्यांनी नुसतं आधण पुन्हा ठेवलं. रोज लिहून लिहून हात वळला, आणि म्हणून आज हेही लिहिता येतं.

काकाजी कुठलीही गोष्ट दोन पारड्यांत घालायचे. "जोखीम काय, लाभ काय?" हे त्यांचं बोलणं. वांगी घेताना, छत्री घेऊन निघताना, केस कापायला बसतानासुद्धा. एकदा मी भिवापुरी मिरचीचा ठेचा वाटीत घालून दिला. त्यांनी वास घेतला, म्हणाले, "जोखीम मोठी आहे. लाभही मोठा दिसतो." मग अर्धी वाटी संपवली आणि डोळे पुसत नळाखाली तोंड धरून बसले. मालक हसून हसून लोळले. काकाजी नळाखालूनच म्हणाले, "हिशेबात माझी चूक नव्हती. चूक शरीराची आहे."

आणि बँकांचा विषय निघाला की मग ओटाच त्यांचा. आपल्या बँकांनी शेजारच्या देशांत शाखा काढाव्या की नाही, यावर ते मालकांशी तास तास बोलायचे. मालकांना त्यातलं काही कळत नसे, पण ते विरुद्ध बाजू घ्यायचे.

"आपल्या गावात कमी लोकं आहेत काय जी? दुसऱ्याच्या देशात कायले मरायले जाते बँक?"

"तिथं धंदा असते. माल जाते, येते. माणसं इकडची तिकडं असतात, त्यांना पैसे पाठवायचे असतात. बँक नाही गेली तर सावकार जाते."

"आन् तिथं दंगा झाला तर?"

"तर कुलूप आपलं, भिंत त्यांची," काकाजी म्हणायचे. इतका वेळ बोलणारा माणूस या एका वाक्याशी आला की उठून खोलीत जायचा. असं का, ते मला एका माझ्याच चुकीमुळं कळलं.

माझी आई खाप्याला आजारी पडली. निरोप आला तशी मी नेसल्या लुगड्यानिशी एस.टी.त बसले. पाटणसावंगी आलं तेव्हा कमरेला काहीतरी टोचलं. चावी! गाडीतून उतरावं तर पैसे तिकिटापुरते, आणि पुढं आई. मी चार दिवसांनी परत आले. काकाजी चार दिवस आमच्या ओसरीवर झोपत होते, अंगावर तोच सदरा.

"म्या सांगतलं दगडानं फोडून टाका," मालक म्हणाले. "तं म्हणतात नियमात बसत नाही. आता तूच पाय बा."

मी आल्या पावली कुलूप काढलं. वाटलं, आता बोलणी बसणार. पण ते खाली मान घालून म्हणाले, "बाई, एक विचारू? चावी जवळ आहे हे कुठं लक्षात आलं?"

"पाटणसावंगीले."

"मग?"

"मग काय जी. जीव खालीवर. वाटलं, तिकडं काकाजी उभे असतीन दारात. आईच्या उशाशी बसली तरी तेच."

"चार दिवस?"

"चारी दिवस."

काकाजी पायरीवर बसले. मी दाराच्या चौकटीशी. मालक तंबाखू मळत होते ते थांबले. मग काकाजींनी सांगितलं.

ते पूर्व पाकिस्तानात नारायणगंजच्या शाखेत अकाउंटंट होते. तागाच्या व्यापाऱ्यांचं गाव, नदीला लागून. हेडकॅशियर तिथलेच, मोफिजुद्दीन नावाचे. सात वर्षं रोज सकाळी दोघांनी मिळून तिजोरी उघडली आणि संध्याकाळी मिळून लावली. मग पासष्टची लढाई लागली. ढाक्याहून फोन आला, हिंदुस्थानी माणसांनी मिळेल त्या लाँचनं निघून यावं. काकाजी घाटावर पोचले. मागून मोफिजुद्दीन धावत आले.

"म्हणाले, साहेब, तुमची चावी देऊन जा. उद्या फौज येईल, तिजोरी उघड म्हणेल. माझ्या एका चावीनं मी काय उघडू? ते मला सोडतील का?"

"मग देली नाही?" मालकांनी विचारलं.

काकाजी आपल्या पायांकडं पाहत होते. "मी म्हणालो, मोफिज मियां, दोन्ही चाव्या एका माणसाजवळ राहू शकत नाहीत. नियमात बसत नाही."

मालकांनी मळलेली तंबाखू खाली झटकली.

"लाँच सुटली. ते छत्री घेऊन उभे होते. मला ढाक्यात काही आठवडे अडकवून ठेवलं, मग कलकत्त्याला सोडलं. तिथल्या ऑफिसात मी चावी जमा केली. साहेबानं ती खणात टाकली आणि म्हणाला, ती शाखा आता आपली राहिली नाही. चावी घेऊन काय करू? मी पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर नाही. फौजेनं त्या माणसाचं काय केलं, मला माहीत नाही."

पुढं तिथं आणखी एक लढाई झाली, पहिलीहून मोठी. त्या महिन्यांत काकाजी आवारातल्या सगळ्यांचे पेपर मागून वाचायचे. गर्दीचा फोटो असला की खिडकीशी नेऊन एकेक चेहरा बघायचे. मालकांनी त्या काळात त्यांची थट्टा केली नाही.

तो देश नवा झाला. काही वर्षांनी काकाजींची बँक तिथं परत जाणार असं ठरलं, आणि नागपुरातून वैरागडे नावाच्या तरुण ऑफिसरची निवड झाली. एका रविवारी तो आमच्या आवारात आला. घाबरलेला होता. सासरे नको म्हणत होते, बायको रडत होती.

"काका, तुम्ही सगळं भोगलं आहे. तुम्ही सांगा. जाऊ की नको?"

मी चहा घेऊन गेले होते. मालक माझ्याकडं बघून डोळ्यांनी म्हणाले, आता हे त्याला पळवून लावतात बघ.

"जोखीम ऐका," काकाजी म्हणाले. "तिथं सरकार कधी बदलेल सांगता येत नाही. सकाळी तुम्ही शाखा उघडाल, दुपारी ती दुसऱ्याची झालेली असेल. वरचे साहेब लांबून हुकूम देतील आणि दारात तुम्ही असाल. तुमच्या भरवशावर जो तिथला माणूस नोकरीला लागेल, त्याचं काय करायचं हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेलं नाही."

"आणि लाभ?"

काकाजींनी चहाचा कप खाली ठेवला. "रोज सकाळी दहाला तिथं एक माणूस तुमची वाट पाहत उभा असतो. तुम्ही पोचल्याशिवाय त्याचं काम सुरू होत नाही."

वैरागडे थांबून राहिला, पुढं आणखी काही येईल म्हणून. आलं नाही.

"जा तुम्ही," काकाजी म्हणाले. "आणि माझं एक काम करा. नारायणगंजला घाटाजवळ मोफिजुद्दीन नावाचे हेडकॅशियर होते. ते आहेत का बघा. माझ्या चावीमुळं त्यांना काही झालं का, एवढंच विचारा. काय असेल ते सरळ लिहा. माझी कीव करू नका."

पाच महिने गेले. काकाजी पोस्टमनच्या वेळेला काहीतरी कारण काढून घरी येऊ लागले. शेवटी पाकीट आलं, परदेशी तिकिटाचं. त्यांनी ते तसंच आमच्या ओसरीवर आणलं.

"बाई, तुम्ही समोर बसा. एकट्यानं उघडत नाही हे."

मी बसले. त्यांनी मोठ्यानं वाचलं. मोफिजुद्दीन जिवंत होते. म्हातारे झाले होते, घाटाजवळ वह्या-पेन्सिलींचं दुकान होतं, नातवंडं होती. मी पदर डोळ्यांना लावला. काकाजी न थांबता वाचत राहिले. तिजोरीचं विचारलं तेव्हा मोफिजुद्दीन हसले, असं वैरागड्यानं लिहिलं होतं. फौज आली ती लोहार घेऊनच आली. दार कापून मोकळे झाले. चावीचं कोणी नावही काढलं नाही. मोफिजुद्दीन तेव्हा आपल्या खेड्याला गेले होते. घाटावर काही बोलणं झाल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"बावा!" मालक ओरडले. "सुटले ना जी काकाजी! दहा वर्षं उगाच जीव जाळला. वं, साखर आण!"

"थांबा," काकाजी म्हणाले. "अजून दोन ओळी आहेत."

त्या त्यांनी मनात वाचल्या. मग पत्र मालकांच्या हाती दिलं. मालकांनी अडखळत वाचलं, "साहेबांना माझा सलाम सांगा. ते उंच साहेब ना, गोरे, चष्मेवाले?"

खरवडे काकाजी माझ्या कानापर्यंत यायचे. रंगानं काळे, आणि चष्मा त्यांना कधी लागला नाही.

"ते माझ्या आधीचे अय्यर," काकाजी म्हणाले. "ते सातच महिने होते."

मी आणलेली साखर हातातच राहिली. काकाजींनी चिमूटभर घेऊन तोंडात टाकली, म्हणाले, "चांगलं झालं. माणूस सुखरूप आहे. चांगलंच झालं." आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्यांना स्टोव्ह पेटवावासा वाटला नाही. मी ताट झाकून नेऊन दिलं, ते सकाळी तसंच होतं.

आठ-दहा दिवसांनी त्यांनी मालकांना विचारलं, "बर्डीच्या बाजारात फोटो चांगला कुठं काढतात? म्हणतो, एक पाठवून द्यावा. बघितल्यावर आठवेल त्यांना."

मालकांच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. फोटोवाल्यानं तळ्याचा पडदा सोडला आणि खुर्ची मांडली. "बैठिये काकाजी."

"बसून नको. बसला की कोणीही उंच दिसते. उभा काढा."

उभे राहिले. मग स्वतःच म्हणाले, "पण एकट्या माणसाची उंची कळत नाही. बाजूला कोणी पाहिजे."

मालक पुढं झाले. काकाजींनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्ही नको. तुमच्या बाजूला मी नातू दिसेन. बाई उभ्या राहतात काय?"

माझे कान तापले. मी दाराकडं सरकले.

"राय ना वं उभी," मालक म्हणाले. "कॅमेरा काय चावते तुले?"

मी उभी राहिले. पदर घट्ट धरून, श्वास कोंडून. काकाजी माझ्या शेजारी, टोपी हातात घेऊन, टाचा जमिनीला टेकवून.

फोटो आणायला गेलो तेव्हा मालक पाळीवर होते. मला बर्डीवर दोऱ्याची रिळं घ्यायची होती म्हणून मी सोबत गेले. पाकिटात तीन प्रती निघाल्या.

"दोनच पाहिजे होत्या," काकाजी म्हणाले.

"तीन ही आते हैं साब. घरवालों को दे देना."

आम्ही बाहेर रस्त्यावर आलो. काकाजींनी एक प्रत नारायणगंजच्या पाकिटात घातली. एक आपल्या खिशात ठेवली. तिसरी हातात धरून उभे राहिले. माणसं त्यांना चुकवून जात होती, एका रिक्षावाल्यानं घंटी वाजवली, पण ते हलले नाहीत. ते कोणाचं तरी नाव आठवत होते. भाऊ, बहीण, पुतण्या, जुना एखादा सोबती. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. एकेक नाव येत होतं आणि जात होतं.

मी आयुष्यात कोणाजवळ काही मागितलं नव्हतं, नवऱ्याजवळही नाही.

"मले द्या," मी म्हटलं.

काकाजींनी माझ्याकडं बघितलं. रुमालानं फोटो पुसला, जरी तो नवाच होता, आणि माझ्या हातात दिला. मग सायकलवर न बसता, ती हातात धरून, ते घरापर्यंत माझ्या बरोबरीनं पायी आले.